खुंटीचं काडतूस

"जोडी होती म्हणालात ना, आक्कासाहेब? मग ह्याचा भाऊ कुठं आहे?" भिंगावरून मान वर न करता सुभेदार रेडेकरांनी विचारलं.

मी सोप्यावर सुपारी कातरत बसले होते. "तो माझ्या नातीच्या पाळण्याला आहे," मी म्हटलं. "निंगेवाडीला, लेकीच्या सासरी. आमच्या घरात पाळण्याला काडतूस बांधायची रीत आहे. रिकामं."

"रिकामं," सुभेदार म्हणाले.

"मग काय भरलेलं बांधू?"

यावर ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी हातातलं काडतूस जाजमावर ठेवलं, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला, आणि तेच काडतूस पुन्हा उचललं.

ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. आमचे हे जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्यांची बंदूक मुलाच्या नावावर करायची होती, आणि कचेरीतून कागद आला होता की घरात जी काडतुसं असतील त्यांची यादी द्या. कोणतं कुठल्या बंदुकीचं, कोणतं जिवंत, कोणतं उडालेलं, सगळं वेगवेगळं लिहून. आता आमच्या घरात काडतुसं म्हणजे पाच-दहा नव्हती. माझे सासरे संस्थानच्या शिकारखान्यात होते. दाजीपूरच्या रानात शिकारीला जे जे पाहुणे यायचे, त्या प्रत्येकाकडून मामंजी एक काडतूस मागून घ्यायचे. लोक सही मागतात, ते काडतूस मागायचे. त्यांची एक शिसवी पेटी होती, आत कापडात खळगे केलेले, एका खळग्यात एक. पुढं ह्यांनी त्यात भर घातली. एकूण सत्त्याऐंशी.

माझी शाळा तिसऱ्या यत्तेत संपली. पण ही सत्त्याऐंशी मला तोंडपाठ होती. दर खंडेनवमीला मीच ती बाहेर काढून पुसायची, हळदकुंकू लावायची आणि परत ठेवायची. बुडावरची अक्षरं इंग्रजी, ती मला येत नाहीत, आणि यायची गरजही कधी पडली नाही. मी माझी नावं ठेवली होती. मान बारीक आणि पोट मोठं ती बाटली. कागदी अंगाचं आणि बुडाला पितळेची वाटी, तो कागद्या. पातळ पत्र्याची गुंडाळी केल्यासारखं दिसायचं ती सुरळी. सुभेदार सकाळी आले ते ताठ्यातच आले. सगळी हयात लष्कराच्या शस्त्रागारात गेलेली. ते बूड उजेडाकडं धरून, भिंग लावून, गोलात कोरलेली अक्षरं वाचणार, बुडाच्या टोपीवर बंदुकीच्या घोड्याचा खड्डा पडलाय का बघणार, पितळी मापानं तोंड मोजणार, आणि मग सांगणार. माझी सून शालन वहीत लिहून घेत होती. आणि मी लांबून, सुपारी कातरता कातरता, त्यांच्या आधी सांगत होते. "सुरळी. ती उडालेली आहे. तळाला खड्डा बघा." ते बघायचे, आणि खड्डा असायचाच. पन्नासावं झालं तोवर सुभेदार मला नमस्कार करायचेच बाकी होते.

एकावन्नावं हे खुंटीचं निघालं.

ह्या काडतुसाचं वेगळं असतं. बाकीच्यांना बुडाशी टोपी असते, तिच्यावर घोडा आपटला की बार होतो. ह्याच्या बुडाशी काही नाही. कुशीतूनच एक पितळी खुंटी बाहेर आलेली, बारीक खिळ्याच्या टोकाएवढी. तिच्यावर ठोका बसला की आत टोपी फुटते. फार जुन्या पिस्तुलाचं. बोटाच्या दोन पेरांएवढं, पुढं शिशाची गोळी. अशी दोन होती आमच्याकडं. त्यातलं एक मामंजींनी पहिला मुलगा झाला तेव्हा उघडलं, दारू ओतून टाकली, आत तेल घातलं आणि गोळी परत बसवली. ते मेलेलं काडतूस आमच्या घरच्या प्रत्येक पाळण्याला लागलं. खुंटीला दोऱ्याची गाठ मारली की निसटत नाही, म्हणून हेच निवडलेलं. आमचे हे त्याच्याखाली निजले, माझा विलास निजला, मंदा निजली. आणि दुसरं भरलेलं, ते पेटीतच. डाव्या खळग्यात भरलेलं, उजव्या खळग्यात मेलेलं.

सुभेदारांनी पिशवीतून सोनाराचा काटा काढला. एका पारड्यात काडतूस ठेवलं, दुसऱ्यात गुंजा टाकत गेले. मग पुन्हा भिंग.

"आक्कासाहेब, हे कोणतं म्हणालात?"

"भरलेलं. जपून धरा."

"ह्याच्या मानेवर पकडीचे दात आहेत."

"असतील. जुनं आहे."

"गोळी हलते आहे." त्यांनी गोळी दोन बोटांत धरली, जरा पिळली, आणि बाटलीचं बूच निघावं तशी ती निघून आली. त्यांनी काडतूस तळहातावर उपडं केलं. काहीच पडलं नाही. काडी आत घालून फिरवली, तिला काळपट तेलाचा चिकटा लागला.

शालनचं लिहिणं थांबलं. माझा अडकित्ता थांबला की नाही ते मला आठवत नाही. सुपारीचं खांड मात्र जाजमाखाली घरंगळत गेलं, ते आठवतं.

"मेलेलं तर हे आहे," सुभेदार म्हणाले.

"आत्याबाई," शालन हळूच म्हणाली, "कापड बदललं तेव्हा..."

"मला माहीत आहे कधी ते."

आमचे हे गेल्यावर पेटीतल्या कापडाला वाळवी लागली होती. मीच सगळी काडतुसं बाहेर काढून परातीत ठेवली, नवीन मखमल लावून घेतली, आणि परत भरायला बसले. शालन म्हणाली होती, आत्याबाई, एकेकाला नंबराची चिठ्ठी लावूया का? मी म्हटलं होतं, चिठ्ठ्या वाण्याच्या डब्यांना लावतात, माझे हात आंधळे झालेले नाहीत अजून. एका बैठकीत सत्त्याऐंशी भरली होती मी. खळगा न खळगा. नुसती एका जोडीची उजवी-डावी फिरली असेल, तर फिरली.

"किती दिवस झाले बांधून?" सुभेदारांनी विचारलं.

"चार."

"पाळणा लाकडी की लोखंडी?"

"सागवानी. वर पितळी दांडा आहे. दांड्यालाच बांधलंय."

"काडतुसाला दोरा कुठं बांधलाय?"

मी अडकित्ता खाली ठेवला. शालननं माझ्याकडं बघितलं. दोरा कुठं बांधतात ते तिला ठाऊक होतं. तिच्या पोराच्या वेळी तिनंच धरून ठेवला होता.

"खुंटीला," मी म्हटलं.

सुभेदार उठलेच. उठता उठता म्हणाले, "एवढं जुनं आहे, दारू सर्दावलीही असेल. पण तसं धरून चालायचं नाही. नळीत नसलं म्हणजे गोळी लांब जात नाही, पण तांब्याचं कवच फुटतं. त्याच्या चिरफळ्या उडतात. पोर किती महिन्यांचं?"

"सव्वातीन."

"निजते कशी?"

"उताणी. वर बघत."

त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या. "निंगेवाडीत फोन आहे का?"

"सोसायटीच्या हापिसात आहे," शालन म्हणाली. "पोस्टात जाऊन लावते मी, दहा मिनिटांत—"

"नको," मी म्हटलं.

"आत्याबाई!"

"कोण घेणार तो फोन? सोसायटीचा कारकून. तो धावत जाऊन सांगणार, पाळण्याला बाँब आहे. मग घरातलं कोणीतरी जाऊन हिसडा मारून दोरा तोडणार. खुंटीलाच हिसडा."

सुभेदारांनी क्षणभर विचार केला. "हे खरं आहे," ते म्हणाले. "अडाण्यानं हात लावण्यापेक्षा आपण गेलेलं बरं. मोटारसायकलवर बसाल?"

शालन माझ्याकडं बघतच राहिली. मी दिलेलं कारण खरंच होतं. पण मला दुसरंही एक होतं, आणि ती माझ्या घरात सहा वर्षं वावरलेली बाई होती.

मोटारसायकलवर मी जन्मात बसले नव्हते. एका अंगाला दोन्ही पाय सोडून, सुभेदारांच्या खांद्याला हात न लावता, मागच्या लोखंडी कडीला धरून बसले. नऊवारीचा पदर कमरेला खोचला. गावाच्या वेशीवर बाजेवर बसलेले गणू पाटील उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आक्कासाब, कुठं निघाला हो अशा?" मी म्हटलं, "तुमच्या तेराव्याला. बसा खाली." माझ्या तोंडाला सवय आहे, ते माझ्या मनाला विचारून बोलत नाही. मन निंगेवाडीला पोचलं होतं.

अठ्ठावीस किलोमीटर. मी झोके मोजत होते. एका दुपारी दोनशे तरी झोके. रात्रीचे वेगळे. प्रत्येक झोक्याला वर बांधलेलं हेलकावतं, आणि दांड्याला आपटतं. चार दिवस. दोरा काळा, लोकरीचा, मीच वळलेला. चार पदरी. खुंटीवर सगळा भार. मी सुभेदारांना विचारलं, "भारानं खुंटी आत जाते का हो?"

"भारानं ती बाहेर ओढली जाते," ते वाऱ्यात ओरडले. "आत जाते ती आपटली की."

"मग आपटतंयच की ते!"

"आक्कासाहेब, बोलू नका. रस्ता खराब आहे."

वेदगंगेच्या पुलावर उसाच्या गाड्या लागल्या. कारखान्याचा हंगाम, पुढून एक, मागून एक, मध्ये एका गाडीचं जू मोडून बैल आडवे झालेले. गाडीवाले निवांत. एक जण ऊस सोलत बसलेला. सुभेदारांनी हॉर्न वाजवला, तो म्हणाला, "वाजवा, बैलांना बरं वाटतं." मी खाली उतरले. चालत पुढं गेले आणि त्याच्या हातातला ऊस काढून घेतला. "बैल उठव," मी म्हटलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. तो काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही. तिघांनी मिळून बैल बाजूला घेतले आणि आम्ही कठड्याला घासत पुढं गेलो.

पुलापलीकडं गेल्यावर सुभेदार म्हणाले, "काळजी करू नका. चूक कुणाचीही होते. दोन्ही अगदी एकसारखी आहेत."

मी पदर आणखी घट्ट खोचला.

निंगेवाडीच्या देसायांचं घर तालेवार. माझी विहीण गजराबाई माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण बोलण्यात बरोबरीची. लग्न ठरलं तेव्हापासून आमचं एकमेकींना टोले देणं चालूच होतं. मंदाला आणि नातीला पोचवायला मी चार दिवसांपूर्वी बाळंतविडा घेऊन गेले होते. पाळणा माझ्याकडचा. भरल्या माजघरात, वीस-पंचवीस बायकांसमोर मी काडतूस काढलं, तेव्हा गजराबाई म्हणाली होती, "आमच्यात सोन्यात मढवलेलं वाघनख बांधतात हो. आणि मुलीला काडतूस कशाला? ती काय शिकारीला जाणार?" दोघी-तिघी हसल्या होत्या. मी म्हटलं होतं, "आमच्यात मुलगा-मुलगी बघत नाहीत. ज्याला वाघनख पुरतं त्यानं वाघनख बांधावं." मग पुन्हा सगळ्या हसल्या होत्या, ह्या खेपेला माझ्या बाजूनं.

सुभेदारांना सोप्यावर बसवून मी आत गेले. माजघरात पाळणा चालू होता. गजराबाई पाटावर बसून दोरी ओढत होती. पाळणा पुढं गेला की वरचं काडतूस मागं यायचं आणि पितळी दांड्याला लागायचं. टक्. बारीक आवाज. पुन्हा टक्.

"अगंबाई! विहीणबाई!" गजराबाई म्हणाली. "चार दिवसांत लेकीची आठवण आली व्हय? आणि हे काय, पदर काय, धूळ काय, बैलगाडीच्या मागं धावत आलासा की काय?"

"दोरी थांबवा जरा."

"थांबवली की उठती. आता कुठं डोळा लागलाय."

टक्.

"दोरा बदलायचा होता," मी म्हटलं. "चुकून लोकरीचा बांधला. सुती पाहिजे."

"एवढ्यासाठी आलासा? निरोप द्यायचा की. थांबा, मीच बदलते." ती दोरी सोडून उठायला लागली.

"तुम्ही बसा!" मी जरा मोठ्यानं बोलले. ती बसली आणि माझ्याकडं बघायला लागली. गजराबाई मूर्ख नाही. तिनं दोरी पुन्हा हातात घेतली.

"कचेरीतून यादी मागितली आहे," मी म्हटलं. "सगळी काडतुसं एका जागी दाखवायची आहेत. म्हणून न्यायला आले. परत आणून देते."

"मग लिहा की यादीत, एक निंगेवाडीला आहे म्हणून. आम्ही काय पळवून नेतोय?"

टक्.

"गजराबाई, तुम्हीच म्हणाला होता मुलीला कशाला. मी विचार केला. मला पटलं. काढते मी."

हे ऐकून तिच्या तोंडावर जे आलं ते मी अपेक्षिलं नव्हतं. तिला वाईट वाटलं.

"ते मी बोलले खरं," ती म्हणाली. "तुम्हाला बोलायचं म्हणून बोलले. पण दुसऱ्याच दिवशी वाघनख काढून कपाटात ठेवलं मी. गल्लीतल्या साऱ्या बायका येऊन बघून गेल्या. हातात घेऊन घेऊन बघितलं त्यांनी. मी सांगितलं, आमच्या विहीणबाईंच्या घरात मुलीलाबी हे बांधतात, असं घराणं आहे. आता तुम्ही काढून न्या, आणि मी काय सांगू? पोरगी त्याच्याकडं बघत बघतच निजते हो. हे बघा, असं केलं की कशी हसते—"

आणि तिनं बोट पुढं केलं. नखाची टिचकी मारायला, माठाला मारून बघतात तशी, सहज. बोट खुंटीच्याच बाजूला होतं.

मी तिचं मनगट धरलं. विहिणीच्या अंगाला असा हात कुणी लावत नाही. तिची बांगडी वाढवली. काच दोघींनाही लागली.

"हात लावू नका," मी म्हटलं. "भरलेलं आहे ते."

दोरी तिच्या हातातून गळली. पाळणा चालतच होता. तिनं दोन्ही हातांनी पाळण्याची कड धरली आणि तो थांबवला, इतका अलगद, की वरचं काडतूस फक्त थरथरलं. मंदा स्वयंपाकघरातून दारात आली होती. तिच्या हातात चहाची कपबशी होती.

"मंदे, पोरीला उचल," मी म्हटलं. "वर डोकं लागू देऊ नकोस. खालून काढ."

मंदानं कपबशी ठेवली नाही, सोडली. पण पोरीला तिनं उचललं, अगदी खालून, गुडघ्यांवर बसून, दुपट्यासकट, आणि सरकत सरकत भिंतीपर्यंत गेली. मी सुभेदारांना हाक मारली. त्यांनी एक तळहात काडतुसाखाली धरला, अंड्याखाली धरावा तसा, आणि दुसऱ्या हातातल्या कात्रीनं दोरा खुंटीपासून लांब, वर दांड्याजवळ कापला. कापसात गुंडाळून ते परसात घेऊन गेले.

पोर जागी झाली नव्हती.

"चार दिवस," गजराबाई शेवटी म्हणाली. ती तशीच पाळण्याची कड धरून बसली होती. "चार दिवस मी दोरी ओढत होते."

सुभेदार परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. "दारू कोरडीठाक आहे," ते म्हणाले. "आजच भरल्यासारखी." मग माझ्याकडं बघून ते गजराबाईला म्हणाले, "पण बाईसाहेब, कुणीही फसलं असतं. बाहेरून काही फरक नाही. मला काटा लावावा लागला."

गजराबाईनं मान हलवली. तिच्या मनगटावर रक्ताची बारीक रेघ होती, ती तिनं पदरानं टिपली. "होतं माणसाकडून," ती म्हणाली. "कळल्याबरोबर धावत आल्या, हे काय कमी आहे? बसा विहीणबाई. पाणी घ्या."

आणि भिंतीपाशी बसलेली माझी मंदा, पोरीला छातीशी धरून, सुभेदारांना म्हणाली, "आईला ठाऊक असतं तर बांधलं असतं का तिनं? तिचा हात कधी चुकत नाही हो. एकदाच चुकला."

तिघांनीही माझ्यापुढं पाट मांडला होता. मी फक्त बसायचं होतं.

"ठाऊक होतं," मी म्हटलं.

"काय?" मंदा म्हणाली.

"घरून आणलं तेव्हा ठाऊक नव्हतं. इथं बांधताना कळलं. खुंटीला गाठ मारायला मी वाकले, ते माझ्या कानाशी आलं, तेव्हा आत आवाज आला. बारीक. वाळू सरकल्यासारखा. मेलेल्यात आवाज येत नाही. इतकी वर्षं पुसतेय, मला तो आवाज ठाऊक आहे. बायका पाळणा म्हणत होत्या, तरी मला ऐकू आला."

सुभेदारांनी जमिनीकडं बघितलं.

"मग तेव्हा का नाही बोललीस?" मंदानं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"सगळ्या बघत होत्या. तुझ्या सासूबाई नुकत्याच बोलल्या होत्या आणि मी नुकतंच उत्तर दिलं होतं. त्यानंतर मला म्हणायला पाहिजे होतं, थांबा, मी चुकीचं आणलंय. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मनात म्हटलं, भास असेल. मग म्हटलं, उद्या शालनला पाठवून गुपचूप बदलून घेईन. उद्या गेला, परवा गेला. शालनला सांगायचं म्हणजे तिच्यापुढंही तेच आलं. आज सुभेदारांनी काटा लावला नसता तर..." पुढचं मी बोलले नाही. ते मला अजूनही ठाऊक नाही.

मंदा उठली. पोरीला घेऊन आतल्या खोलीत गेली. तिनं दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. माझ्या लेकीनं माझ्यासमोर कधी कडी लावली नव्हती.

गजराबाईनं फुटलेल्या कपाचे तुकडे स्वतः गोळा केले. दुसरा चहा ठेवला. मला दिला, सुभेदारांना दिला. तिनं मला एक शब्द सुनावला नाही. सुनावला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि आम्ही दोघी पुन्हा पहिल्यासारख्या झालो असतो. निघताना ती सोप्यापर्यंत आली आणि म्हणाली, "सावकाश जा." एवढंच.

पुढं सगळं रीतसर झालं. मंदा दिवाळीला आली, नागपंचमीला आली. बोलली, हसली, माझ्या हातचं जेवली. त्या दिवसाचं कुणी कधी काढलं नाही, तिनंही नाही, मीही नाही. फक्त एक झालं. पोरीला माझ्या मांडीवर द्यायची वेळ आली की ती आधी थांबायची आणि माझ्या हातांकडं बघायची. काही बोलायची नाही. नुसती बघायची.

पहिल्या खेपेला मला त्याचा फार राग आला. दुसऱ्या खेपेपासून, तिनं बघायच्या आत, मी दोन्ही हात पुढं करून तळवे उघडून दाखवायला लागले. पोर चालायला लागेपर्यंत दाखवले.